एकशे अठरा रिकामी घरं

माझ्या कागदावर सूर नाहीत.
एक आडवी जाड रेघ, तिच्यावर आकडा: ११८.
इतकी घरं गप्प बसायचं,
एकशे एकोणिसाव्यात एकदा वाजवायचं.
खाली लोबोसरांची पेन्सिल:
'घंटा नको. थेंब.'

सर कणकुंबीला जाऊन आले होते, वही घेऊन.
मलप्रभा तिथं कुंडात उगवते, गुडघाभर पाणी, तळाला नाणी.
तेवढ्यावर त्यांनी चाळीस माणसांची नदी लिहिली.
व्हायोलिनं मडगावची, चेलो धारवाडचे,
क्लॅरिनेटला बँडातून रिटायर झालेले
हवालदार यल्लाप्पा पाखरे,
आणि ट्रँगलला मी, खासबागची,
ताल म्हणजे बापाचा माग, एवढंच ठाऊक असलेली.

थेंब महिनाभर शोधला.
चमच्यानं, विणायच्या सुईनं, कांडीतल्या तारेनं.
शेवटी वडगावच्या सायकल दुकानात
स्पोकचा एक तुकडा मिळाला, फुकट.

कॅम्पातल्या शाळेचा हॉल. फेब्रुवारी.
पंखे बंद, कागद उडतात म्हणून.
आधी धुकं आलं, चेलोंच्या खालच्या तारांवरून,
आणि मी मोजायला लागले.
एक दोन तीन चार,
दोन दोन तीन चार,
तीन दोन तीन चार,
अठ्ठावीसपर्यंत मराठीत.
पुढं कन्नडात जाते मी नेहमी.
आमचे एकोणतीस, एकोणचाळीस ऐन वेळी दगा देतात,
कन्नड आकडे कसे शाळेच्या रांगेत चालतात,
इप्पत्तोंबत्तु, मूवत्तु, मूवत्तोंदु,
कुणी कुणाच्या पुढं घुसत नाही.

एप्पत्नाल्कुला प्रमुख पाहुणे आले.
पाऊण तास उशिरा, शालीसकट.
पुढची रांग उठली, खुर्च्या फरफटल्या,
कुणी म्हणालं नमस्कार, कुणी नमस्कारा,
मधल्या खुर्चीवरून थोडी बाचाबाचीही झाली.
एप्पत्तैदु…
की एप्पत्तारु?
गेलं.

हातात स्पोक. कपाळाला घाम.
पुढं किती घरं रिकामी, कोण सांगणार.
शेजारी झांजवाला रॉकी, त्याला विचारावं,
तर तो स्वतःचे ओठ हलवत बसलेला.

मग ऐकू आलं.
मागच्या बाकावरची व्हायोलिनं बोटानं तारा तोडत होती:
कुणी नसताना जंगलात गळणारी जांभळं.
शिवलीला हुक्केरीच्या चेलोत म्हशी उतरत होत्या,
एकेक, पोटापर्यंत, घाई नसलेल्या.
बासरी मध्येच थांबायची
आणि जिथं थांबली तिथून नाही, पलीकडून सुरू व्हायची.
हे रोज होत होतं? दोन महिने तालमीत,
माझ्या कानापासून हातभर अंतरावर?

यल्लाप्पांनी नाकानं श्वास घेतला,
परेडवर घेतात तसा, छाती न हलवता,
आणि एक सूर धरला.
तो बारीक होत आला,
अजून बारीक,
इतका, की आता काहीतरी पडायलाच हवं होतं.

मी सरांकडं पाहिलं नाही. स्पोक टेकवला.

त्यांचा हात तेव्हा खाली येत होता
की अजून वरच होता, मला सांगता येणार नाही.
नंतरही ते काही बोलले नाहीत, शाल सांभाळत राहिले.
यल्लाप्पा क्लॅरिनेटमधली थुंकी पुसत म्हणाले,
'बित्तु नोडव्वा.'
पडला म्हणे.

घरी बाबा जागेच. तीस वर्षांच्या मागांनी
त्यांचे दोन्ही कान नेलेत.
बोटं उडवून विचारलं: कितीदा वाजवलंस?
मी एक बोट दाखवलं.
दोन महिने, एवढ्यासाठी? ते हसले, खोकले, पुन्हा हसले.
मी पिशवीतून ट्रँगल काढला, दोऱ्याला धरून वाजवला,
आणि घुमता कोपरा
त्यांच्या कानामागच्या हाडाला लावला.

ते हसायचे थांबले. डोळे मिटले.
बराच वेळ तसेच.

'गार हाय की,' म्हणाले.